त्वरणमापक : आधी पारख, मग प्रयोग



माध्यमिक शाळेतील विद्यार्थी त्वरणाची व्याख्या बिनचूक सांगतो; परंतु त्वरण प्रत्यक्ष मोजण्याची संधी त्याला क्वचितच लाभते. वेग डोळ्यांना जाणवतो. वेगातील बदल मात्र क्षणार्धात घडून जातो. म्हणूनच गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळा सोडला व पाण्याच्या धारेने काळ मोजला. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे.

आज त्वरणमापक बहुतेक स्मार्टफोनमध्ये बसवलेलाच असतो. सिलिकॉनच्या लवचीक पट्ट्यांवर एक अतिसूक्ष्म भार तोललेला असतो. तो किंचित सरकला की विद्युत धारकता बदलते आणि त्यावरून त्वरणाचा आकडा मिळतो. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने २०१६ साली उपलब्ध केलेले ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य अ‍ॅप हे आकडे आलेखासह पडद्यावर दाखवते. त्यात गुरुत्वासह त्वरण दाखवणारा पर्याय निवडावा.

टेबलावर निश्चल ठेवलेला फोन शून्य न दाखवता ९.८ च्या आसपास आकडा दाखवतो. हा बिघाड नव्हे. गुरुत्वाकर्षण आतील भाराला खाली ओढते आणि पट्ट्या त्याला तोलून धरतात. तो ताण उपकरण नोंदवते. फोन मुक्तपणे पडू लागला की हा ताण नाहीसा होतो व आकडा शून्याजवळ येतो.

उपकरणाची पारख याच गुणधर्माने करावी. सपाट पृष्ठभागावर फोन प्रथम उताणा, मग पालथा ठेवून उभ्या अक्षाचे आकडे टिपावेत. समजा, ते १०.० आणि उणे ९.६ आले. त्यांच्या बेरजेची निम्मी ०.२ ही शून्यातील चूक होय. वजाबाकीची निम्मी ९.८ येते, म्हणजे मोजपट्टी बरोबर आहे. यापुढे त्या अक्षाच्या प्रत्येक वाचनातून ०.२ वजा करावेत. उरलेल्या दोन अक्षांचीही फोन कडांवर उभा करून अशीच तपासणी करावी.

त्यानंतर प्रयोगाकडे वळावे. जाड गादीवर १.२ मीटर उंचीवरून फोन सोडला तर आलेख सुमारे अर्धा सेकंद शून्याजवळ राहतो. आदळतानाचा कमाल आकडा मात्र ग्राह्य धरू नये. तो उपकरणाच्या क्षमतेबाहेरचा असू शकतो. एक मीटर लांबीच्या दोरीला फोन घट्ट बांधून लहान झोका दिल्यास आवर्तकाल सुमारे दोन सेकंद भरतो.

या पारखीला एवढे महत्त्व का? न तपासलेले उपकरण १०.० दाखवते, पुस्तकात ९.८ असते, आणि विद्यार्थी निमूटपणे पुस्तकातील आकडा प्रयोगवहीत उतरवतो. त्या क्षणी प्रयोग संपतो आणि नक्कल सुरू होते. चूक शोधून, मोजून, वजा करणारा विद्यार्थी मात्र विज्ञानाची रीत शिकतो.

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. शाळा व्यवस्थापन समितीने प्रत्येक गटाला एक फोन मिळेल एवढी व्यवस्था करावी आणि शिक्षकांनी प्रत्येक फोनच्या पारखीची नोंद तारखेसह ठेवावी. पंचायत सदस्यांनी शाळेस भेट देताना साहित्याच्या यादीबरोबर ही नोंदवहीही पाहावी. साहित्य कपाटात आहे की विद्यार्थ्यांच्या हाती, हे त्यावरूनच कळेल.