पाषाणातील पाणी आणि भूशास्त्राचे अध्यापक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यान)



जैन दर्शनाने पृथ्वी आणि पाणी यांना केवळ जड द्रव्य मानले नाही. पृथ्वीकाय व अप्काय अशा एकेंद्रिय जीवांत त्यांची गणना केली. पाणी गाळून आणि बेताने वापरण्याचा संस्कार त्यातूनच घरोघरी रुजला. ह्याच पाण्याचा भूगर्भात शोध घेणारी ज्ञानशाखा उस्मानपुऱ्याच्या परिसरात शिकविली जाते. स्टेशन रस्त्यावरील देवगिरी महाविद्यालयाची स्थापना 1960 साली झाली. तेथील भूशास्त्राचे प्राध्यापक डॉ. अशोक तेजनकर यांनी पुढे प्राचार्यपद आणि विद्यापीठाचे प्र-कुलगुरुपद भूषविले. तथापि भूशास्त्राच्या अध्यापकाचे खरे कार्यक्षेत्र पदात नसून शिवारात असते.

मराठवाड्याची बहुतांश भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनली आहे. वेरूळची 30 ते 34 क्रमांकांची जैन लेणी ह्याच काळ्या पाषाणात कोरली गेली. शिल्पकाराला जो अखंड पाषाण वरदान ठरला, तोच विहीर खोदणाऱ्याची परीक्षा पाहतो. त्यात पाणी मुरत नाही. ते साठते मुरमात, मांजऱ्यात आणि खडकांच्या भेगांत. हातोडा, भिंग आणि होकायंत्र घेऊन अध्यापक विद्यार्थ्यांना विहिरीच्या काठी नेतो, उघडे पडलेले थर वाचायला शिकवितो. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर त्याच विहिरींची पातळी वर्षानुवर्षे मोजणे, हेच त्याचे संशोधन. त्यात प्रसिद्धी नाही. चिकाटी मात्र अपार लागते.

ह्या नोंदींचे मोल दुष्काळात कळते. कर्ज काढून, पानाड्याच्या शब्दावर विसंबून शेतकरी बोअर घेतो. शेकडो फुटांखाली कोरडी धूळच निघाली, तर कुटुंबाचा आधार खचतो. अशा वेळी खडकाची परीक्षा करून "येथे खोल जाऊ नका" असे आधीच सांगणारा अध्यापक त्या घरावर उपकार करतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले. परंतु त्यामागील कारण लोकांना पटवून देण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते.

आज खोल बोअरची स्पर्धा हाही परिग्रहच आहे. एकाने अधिक उपसले की शेजाऱ्याची विहीर आटते. म्हणून भूशास्त्राच्या वर्गातील धडा अपरिग्रहाच्या उपदेशाहून फार दूर नाही. धर्मस्थानाच्या, वसतिगृहाच्या आवारात बोअर घेण्यापूर्वी भूशास्त्रज्ञाचा सल्ला घ्यावा, छतावरचे पाणी जमिनीत मुरवावे आणि ह्या विषयाच्या एखाद्या होतकरू विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती द्यावी. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ह्या चार दानांपैकी शास्त्रदान हे अध्यापक मूकपणे करीत आहेत. समाजाने त्यांना साथ दिली, तर सुवर्णमहोत्सवाचे सार्थक होईल.

जय जिनेंद्र!