पंजा आता आपल्या हातात



चाळिशी उलटली, इंजिनिअर झाले, तरी माझ्या ऑफिसच्या टेबलावर खेळणी आहेत. हसा खुशाल! 'टॉय स्टोरी'तले हिरवे, तीन डोळ्यांचे, डोक्यावर एकच अँटेना असलेले परग्रहवासी मी जमवते. हौशी संग्राहक खोका फोडत नाहीत, कारण बंद खोक्याला किंमत जास्त. माझे मात्र सगळे बाहेर उभे आहेत.

१९९५च्या पहिल्या चित्रपटात ते पिझ्झाच्या दुकानातल्या यंत्रात दाटीवाटीने बसलेले असतात. वरून पंजा येतो, तो ज्याला उचलेल तो भाग्यवान! १९९९च्या दुसऱ्या भागात मिस्टर पोटॅटो हेड त्यांतल्या तिघांचे प्राण वाचवतो. ते उपकार हे तिघे विसरत नाहीत. २०१०च्या तिसऱ्या भागात सगळी खेळणी भट्टीच्या तोंडाशी पोहोचतात, तेव्हा हेच तिघे क्रेनचा अवाढव्य पंजा चालवून सर्वांना वर काढतात.

मलाही कुणीतरी उचललंच होतं. गणिताच्या बाईंनी सुट्टीत घरी बोलावून शिकवलं, एक पैसा न घेता. तुमच्यातल्या अनेकांकडे अशीच एखादी आठवण असेल.

आपल्या शाळेत आजही वर बघत बसलेली मुलं आहेत. दहावीनंतर फीसाठी अडणाऱ्या एका तरी मुलीचं पुढचं शिक्षण आपल्या बॅचने दरवर्षी उचलावं, एवढंच माझं मागणं आहे. पहिला हप्ता मी आजच देते.