भाजलेली जखम आणि बोलकी पट्टी



शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके. ऊस आला की गुऱ्हाळ आलेच. काहिलीतला पाक गुळाला येतो तेव्हा त्याचे तापमान ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वाफ्यात ओतताना तो गुळव्याच्या हातावर उडाला, तर पाण्यासारखा ओघळून जात नाही. चिकटून राहतो आणि भाजतच राहतो.

पण खरी कसोटी नंतरची असते. त्वचा हे शरीराचे कुंपण. ते जळाले की जंतूंना वाट मोकळी होते. पट्टी वारंवार सोडावी तर नवी कोवळी त्वचा तिच्यासंगे निघते. न सोडावी तर आत पू धरला काय, हे उमगत नाही. पुण्याचे मोठे रुग्णालय साठ-सत्तर किलोमीटरांवर असलेल्या रुग्णाला हा पेच अधिकच जाचतो.

या पेचावर शास्त्रज्ञ उपाय शोधीत आहेत. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर जंतू माजलेली जखम अल्कधर्मी होत जाते. हा फरक रंगाने दाखविणाऱ्या पट्ट्यांवर संशोधन चालू आहे. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या पट्टीत सूक्ष्म कुप्या असतात. जंतूंच्या विषाने त्या फुटतात आणि पट्टी चमकू लागते. अशा पट्ट्या अद्याप ग्रामीण दवाखान्यात पोहोचलेल्या नाहीत. चांदीचा अंश हळूहळू सोडणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्या काही दिवस न सोडता ठेवता येतात, मात्र त्या महाग आहेत.

स्वस्त वाट मुंबईने दाखविली, हे आवर्जून सांगावयास हवे. डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीचा, तर डॉ. माधुरी गोरे यांनी २००३ मध्ये केळीच्या पानाच्या पट्टीचा अनुभव प्रसिद्ध केला. पान जखमेला चिकटत नाही, म्हणून काढताना वेदना कमी. परंतु ते रुग्णालयात निर्जंतुक केलेले असते; परसातले पान तोडून बांधणे म्हणजे जंतूंना आमंत्रण.

कोणतीही पट्टी पहिल्या घटकेची चूक भरून काढीत नाही. भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. चिकटलेला पाक ओरबाडू नये. पाण्याने तो निवतो आणि विरघळतो. बर्फ, शाई, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नये. स्वच्छ कोरडे फडके सैल झाकावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गुऱ्हाळावर पाण्याची नळी काहिलीपासून हाताच्या अंतरावर आहे की नाही, एवढे ग्रामपंचायत सदस्यांनी हंगामापूर्वी पाहून घ्यावे.