फोनलाही पासबुक हवं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मागच्या रांगेतल्यांनी मोबाइल खाली ठेवायची गरज नाही. आजचा विषय तोच आहे. फोनमधली आपली खासगी माहिती जपणारी ॲप्स असतात. ती चांगलं काम करतात, पण ती काय करतात हेच आपल्याला कळत नाही. मग आपण ती वापरत नाही, किंवा घाबरून काढून टाकतो. ती कशी बदलली तर आपल्यासारख्यांना त्यांचा उपयोग समजेल, याबद्दल मला बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, बँकेतल्या माणसाला ॲपमधलं काय कळतं? मान्य. पण काउंटरच्या पलीकडे 36 वर्षं बसल्यावर एक गोष्ट पक्की कळते. शंभरातले साठ लोक एकाच फॉर्ममध्ये एकाच रकान्यात चुकत असतील, तर लोक बदलायचे नसतात, फॉर्म बदलायचा असतो.

आधी एका नेहमीच्या वाक्याचं उत्तर देतो. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ बँकेत नोकरीला लागताना आम्हांला गुप्तता पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे. खातेदाराचा सख्खा भाऊ आला आणि म्हणाला, ‘दादाच्या खात्यात किती आहेत हो?’ तरी आम्ही सांगत नसू. दादानं चोरी केलेली नसायची. पण आकडा त्याचा होता, तो कुणाला सांगायचा हे त्यानं ठरवायचं. खासगीपणा म्हणजे एवढंच. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांच्या पीठानं तो मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं.

आता बघा, बँकेतल्या काही युक्त्या कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारल्या की पैसे काउंटरवर रोख मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात. चौथी शिकलेल्या भाजीवाल्या मावशींनाही हे माहीत असतं. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक तुमची. आत काय आहे ते बँकेला ठाऊक नसतं. आणि पासबुक! कधी, कुणी, किती काढले, सगळं एका ओळीत.

व्हॉट्सॲपवर ‘एंड टू एंड एन्क्रिप्टेड’ अशी ओळ तुम्ही पाहिली असेल. 2016 च्या एप्रिलमध्ये ती सोय सगळ्यांना मिळाली. तिचा अर्थ साधारण लॉकरसारखाच आहे. निरोप वाटेत कंपनीलाही वाचता येत नाही. मात्र लॉकरमधले दागिने तुम्हीच लग्नात घालून मिरवलेत, तर बँक काय करणार? तसंच, समोरच्यानं तुमचा निरोप दहा ग्रुपवर पुढे पाठवला तर एन्क्रिप्शन काही करू शकत नाही. एवढं दोन वाक्यांत सांगता येतं. पण त्या ओळीत ते सांगितलेलं नाही.

हा प्रश्न जुना आहे. 1999 साली अमेरिकेत ॲल्मा व्हिटन आणि डग टायगर या दोन संशोधकांनी एक चाचणी केली. पीजीपी नावाचं, ईमेल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर त्यांनी 12 जणांना दिलं. ईमेल वापरणारी, शिकलेली माणसं होती ती. वेळ दिला 90 मिनिटं. बाराजणांपैकी फक्त एक तृतीयांश लोकांना ईमेल नीट कुलूपबंद करून, सही करून पाठवता आलं. तिघांनी तर गुपित चुकून उघडंच पाठवून दिलं. कुलूप उत्तम होतं, पण लावायचं कसं तेच समजत नव्हतं.

दुसरं उदाहरण टॉर्चचं. 2013 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ या ॲपवर कारवाई केली. फोनचा दिवा लावणारं साधं ॲप, पण वापरणारा कुठे आहे ही माहिती ते जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. अटी मान्य की अमान्य असं विचारायचं खरं, पण माणूस उत्तर देण्याआधीच माहिती पाठवायला सुरुवात झालेली असायची.

तेव्हा अँड्रॉइड फोनवर ॲप घेतानाच परवानग्यांची लांबलचक यादी समोर यायची. सगळं मान्य करा, नाहीतर ॲप नाही. 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून हे बदललं. ॲपला कॅमेरा लागेल तेव्हाच ते विचारू लागलं. यादी तीच होती, पण विचारायची वेळ बदलली आणि माणसाला अर्थ लागू लागला. फोटो काढताना कॅमेरा मागितला तर ठीक, हिशोब करताना मागितला तर शंका घ्यायची.

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्या सोसायटीतली एक मुलगी अशाच एका ॲपवर काम करते. मध्यंतरी तिनं आम्हां पाच ज्येष्ठांना सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं, चहा पाजला आणि फोन हातात देऊन म्हणाली, ‘आजोबा, मी काही सांगणार नाही. तुम्ही वापरा, मी बघते.’

पडद्यावर मोठी ढाल आणि खाली लिहिलेलं, ‘214 ट्रॅकर ब्लॉक केले’. एका काकूंनी विचारलं, ‘214 म्हणजे चांगलं की वाईट?’ कुणालाच सांगता येईना. एका गृहस्थांना वाटलं, फोनमध्ये 214 व्हायरस शिरलेत. त्यांनी ॲप काढून टाकायचं बटण शोधायला सुरुवात केली. पोरगी हिरमुसली, पण तिनं सगळं वहीत लिहून घेतलं.

त्याच काकूंच्या फोनकडे माझं लक्ष गेलं. पुढच्या कॅमेऱ्यावर त्यांनी टिकली चिकटवली होती! कुणीतरी सांगितलं होतं, ‘कॅमेरा सारखा बघत असतो.’ म्हणून तीन महिने त्या परदेशातल्या नातवाशी नुसतं आवाजावर बोलत होत्या. नातू रोज विचारायचा, ‘आजी, तू दिसत का नाहीस?’ मंडळी, न समजलेली सुरक्षितता माणसाला सुरक्षित करत नाही, ती घरातली माणसं तोडते.

त्या मुलीनं काकूंना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका दाखवला. अँड्रॉइड 12 पासून, म्हणजे 2021 पासून, एखादं ॲप कॅमेरा किंवा माइक वापरत असलं की तो दिसतो. ‘काकू, ठिपका दिसला की समजायचं कॅमेरा किंवा माइक चालू आहे.’ काकूंनी स्वतः तो लागताना आणि विझताना चारदा बघितला. मग टिकली काढली आणि सवयीनं भिंतीवरच्या आरशाला चिकटवली.

महिन्याभरानं ती बदललेलं ॲप घेऊन आली. ढाल आणि 214 हा आकडा गेला होता. त्या जागी वाक्य होतं, ‘या टॉर्च ॲपला तुमच्या ओळखीच्यांचे नंबर हवे आहेत. दिवा लावायला त्यांची गरज नाही.’ खाली दोनच बटणं, ‘देऊ नका’ आणि ‘देतो’. दुसऱ्या पानावर पासबुक, म्हणजे तारीख, कुठल्या ॲपनं, काय मागितलं, दिलं की नाही. आम्ही पाचही जण न विचारता वापरू शकलो. आतलं यंत्र तेच होतं, फक्त आता ते आमच्याशी बोलत होतं.

नुसतं मराठी केलं म्हणजे झालं, असंही नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची विनंती साध्या, स्पष्ट भाषेत हवी आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या 22 भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय हवा, अशी तरतूद आहे. मराठी त्यात आलीच. पण ‘अनुज्ञप्ती प्रदान करा’ असं लिहिलं तर माझ्यासारखा माणूस म्हणेल, त्यापेक्षा इंग्रजी बरं. शब्द स्वयंपाकघरात बोलतो तसे हवेत.

आता तीन विनंत्या.

पहिली ज्येष्ठांना. आज घरी गेल्यावर फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’ शोधा. नव्या अँड्रॉइड फोनवर गेल्या 24 तासांत कुठल्या ॲपनं तुमचं ठिकाण, कॅमेरा, माइक वापरला ते तिथे दिसतं. तेच तुमचं पासबुक. पटत नसेल त्याची परवानगी काढा. आणि लक्षात ठेवा, ओटीपी आपणच तोंडानं सांगितला तर कुठलंच ॲप वाचवत नाही. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा.

दुसरी कार्यकारिणीला. पूर्वी गेटवर लाल पुठ्ठ्याची वही होती. त्यात आधीच्या पाहुण्याचं नाव, नंबर पुढचा येणारा आरामात वाचायचा. आता गेटचं ॲप आलं, चांगलं झालं. पण आपल्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांची काय माहिती साठते, किती दिवस राहते आणि कोण बघू शकतं, या तीन प्रश्नांची उत्तरं मराठीत लिहून नोटीस बोर्डावर लावावीत. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडणार आहे. अनुमोदक लागेल, आत्ताच सांगून ठेवतो.

तिसरी मागच्या रांगेला. आजीनं काही विचारलं की तुम्ही तिच्या हातातून फोन घेता, टकाटक चार बटणं दाबता आणि ‘झालं’ म्हणून परत देता. असं करू नका. शेजारी बसा आणि बटण तिलाच दाबू द्या. ती कुठे अडखळते ते नीट बघा. उद्या तुमच्यापैकी कुणी अशी ॲप्स बनवणार असेल, तर तुमचं खरं शिक्षण तिथेच होणार आहे.

चहा तयार असल्याची खूण झाली आहे, तेव्हा इथेच थांबतो.