खेळाचा संघ कोणाचा?

खेळ खेळणाऱ्यापेक्षां तो पाहणाऱ्यालाच अधिक मतें असतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. चेंडूला हात न लावतांहि कोणाला खेळवावें, कोणाला बसवावें, कालचा सामना कोणाच्या चुकीनें गेला आणि पुढच्या हंगामांत काय होणार, या सर्व प्रश्नांचीं उत्तरें त्याच्या जिभेवर तयार असतात. या मतांना रिकामपणची बडबड म्हणून हसणारे लोक पुष्कळ आहेत. परंतु अमेरिकेंतील ब्रुक्लिन नगरीनें आपल्या बेसबॉल संघावर जें प्रेम केलें, त्याची कथा ऐकल्यावर ही बडबड अगदींच निरर्थक नसते, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. त्या संघाचें नांव डॉजर्स.

कथेपूर्वीं खेळाची थोडी ओळख हवी. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद आहे. त्यांत यष्ट्या नाहींत; चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात, त्यांना बेस म्हणतात. चेंडू टाकणारा तो पिचर, आणि फलंदाजाच्या मागें बसून तो झेलणारा तो कॅचर. फलंदाजानें चेंडू मारून एकेक ठाणें गांठीत पुन्हां घरच्या ठाण्यावर यावें, म्हणजे एक धांव होते. तीन चांगले चेंडू हुकले कीं फलंदाज बाद. तीन गडी बाद झाले कीं पाळी संपली. अशा नऊ पाळ्यांचा एक सामना. चेंडू थेट कुंपणापार गेला तर तो होम रन. अमेरिकेंत दोन मोठ्या लीगा आहेत. त्यांचे विजेते शरद ऋतूंत एकमेकांशीं झुंजतात; त्या मालिकेला वर्ल्ड सीरीज म्हणतात, आणि चार सामने प्रथम जिंकील तो अजिंक्य ठरतो. इतकें ज्ञान पुढील कथेला पुरे.

ब्रुक्लिन हें पूर्वीं स्वतंत्र शहर होतें. १८९८ च्या आरंभीं तें न्यूयॉर्कमध्यें विलीन झालें. शहरपण गेलें, पण शहराचा अभिमान राहिला. आणि त्या अभिमानाला वस्तीला जागा मिळाली ती या संघांत. विजेच्या ट्रॅमगाड्या चुकवीत रस्ते ओलांडणारे लोक म्हणून ब्रुक्लिनवासीयांची थट्टा होत असे. 'डॉजर्स' म्हणजे चुकविणारे, हें नांव त्या थट्टेंतूनच आलें. १९१३ सालीं चार्ल्स एबेट्स या मालकानें संघासाठीं एबेट्स फील्ड हें क्रीडांगण बांधलें. तेथें जेमतेम बत्तीस हजार प्रेक्षक मावत, आणि ते खेळाडूंच्या इतके जवळ बसत कीं प्रेक्षकाचा शब्द खेळाडूच्या कानीं पडे. हिल्डा चेस्टर नांवाची एक बाई गाईच्या गळ्यांतली मोठी घंटा घेऊन बसे आणि ती वाजवून खेळाडूंना स्फुरण देई. एब स्टार्क या कापडव्यापाऱ्यानें कुंपणावर पाटी लावली होती कीं, जो फलंदाज या पाटीवर चेंडू मारील त्याला एक सूट फुकट. हा स्टार्क पुढें ब्रुक्लिनचा नगरप्रमुख झाला, यावरून त्या क्रीडांगणाचें नगरजीवनांतलें स्थान कळून येईल.

संघाच्या इतिहासांत मात्र पराजयाचें पारडें फार जड होतें. १९१६ सालीं बोस्टननें आणि १९२० सालीं क्लीव्हलंडनें त्याला वर्ल्ड सीरीजमध्यें हरविलें. त्यानंतर वीस वर्षें ती मालिका संघाच्या दृष्टीसहि पडली नाहीं. त्या काळीं प्रेक्षकांना आधार होता तो विनोदाचा. १९२६ मध्यें बेब हर्मन यानें चेंडू दूर टोलविला आणि पुढें कोण आहे हें न पाहतां तो धांवत सुटला. तेव्हां तिसऱ्या ठाण्यावर डॉजर्सचे तीन गडी एकदम जमले, आणि त्यांतले दोघे बाद झाले! पुढें कोणी "आपले तीन गडी ठाण्यांवर आहेत" अशी आनंदाची वार्ता सांगितली, कीं ऐकणारा हटकून विचारी, "कोणत्या ठाण्यावर?"

१९४१ सालीं संघ पुन्हां वर्ल्ड सीरीजला पोहोंचला. समोर न्यूयॉर्कचाच बलाढ्य यांकीज संघ होता. चौथ्या सामन्यांत शेवटच्या पाळीला डॉजर्स ४-३ असे पुढें होते, यांकीजचे दोन गडी बाद झाले होते, आणि टॉमी हेन्रिक याचा तिसरा चेंडूहि हुकला. म्हणजे सामना संपला! परंतु तो चेंडू कॅचर मिकी ओवेन याच्या हातून निसटला. अशा वेळीं फलंदाजाला धांवण्याची मुभा असते. हेन्रिक पहिल्या ठाण्यावर पोहोंचला, आणि त्या एका निसटत्या चेंडूंतून यांकीजनीं चार धांवा काढून सामना ७-४ असा जिंकला. दुसऱ्या दिवशीं मालिकाहि जिंकली. "पुढच्या वर्षीं पाहूं!" हे शब्द तेव्हांपासून ब्रुक्लिनच्या तोंडीं कायमचे बसले. तें पुढचें वर्ष लवकर उजाडलें नाहीं. १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ या चारहि सालीं त्याच यांकीजनीं डॉजर्सना हरविलें. १९५१ सालीं तर जायंट्स या प्रतिस्पर्ध्यांवर ऑगस्टमध्यें तेरा सामन्यांची आघाडी असतां ती सारी गेली, आणि निर्णायक सामन्याच्या शेवटच्या पाळींत बॉबी थॉमसन याच्या एका होम रननें लीगचें विजेतेपद हातचें गेलें. जायंट्स त्या हंगामांत दुर्बिणीनें प्रतिपक्षाच्या कॅचरच्या खुणा चोरीत होते, हें २००१ सालीं प्रसिद्ध झालें. ब्रुक्लिनच्या वृद्ध प्रेक्षकांना तेव्हां पन्नास वर्षांपूर्वींच्या रागाला नवें कारण मिळालें.

खेळाडूंविषयींचीं या प्रेक्षकांचीं मतें ऐकण्यासारखीं असत. त्या काळीं न्यूयॉर्क शहरांत मैदानाचा मध्यभाग राखणारे तीन अलौकिक खेळाडू एकाच वेळीं होते: यांकीजचा मिकी मँटल, जायंट्सचा विली मेझ आणि डॉजर्सचा ड्यूक स्नायडर. तिघांत श्रेष्ठ कोण, हा वाद रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर चाले. ब्रुक्लिनचा प्रेक्षक आंकडे फेंकून विचारी कीं, १९५३ पासून १९५७ पर्यंत ओळीनें पांच हंगाम प्रत्येकीं चाळीस किंवा अधिक होम रन आणखी कोणाचे आहेत? पुढें काळानें कौल मेझच्या बाजूनें दिला. परंतु स्नायडरच्या वकिलांनीं हार मानली नाहीं. कॅचर रॉय कॅम्पानेला हा १९५१, १९५३ आणि १९५५ असा तीन वेळां लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हां त्याच्याविषयीं वादच नव्हता. उजव्या कुंपणाशीं उभ्या असलेल्या कार्ल फुरिलोची झेलण्याची हातोटी इतकी जबर, कीं तो तेथें असेतों एब स्टार्कला सूट वांटण्याची धास्ती नाहीं, असें लोक थट्टेनें म्हणत.

या मतांत जसा तिखटपणा होता, तसाच जिव्हाळाहि होता. १९५२ च्या वर्ल्ड सीरीजमध्यें गिल हॉजेस या गुणी फलंदाजाला एकवीस संधींत एकहि फटका साधला नाहीं. दुसऱ्या कोणत्याहि नगरांत अशा खेळाडूची हुर्यो झाली असती. ब्रुक्लिननें त्याला उत्तेजनाचीं पत्रें पाठविलीं. पुढील वर्षीं एका पाद्र्यानें रविवारच्या उपासनेंत, आज उकाडा फार आहे, तेव्हां प्रवचन नको. घरीं जा, धर्माज्ञा पाळा आणि हॉजेससाठीं प्रार्थना करा, असें सांगितलें. हॉजेसची बॅट त्या हंगामांत पुन्हां बोलूं लागली.

होतकरू खेळाडूंविषयींचीं भाकितें मात्र पुष्कळदां फसत. १९५५ सालीं सँडी कूफॅक्स हा ब्रुक्लिनचाच एकोणीस वर्षांचा डावखुरा पिचर संघांत आला. त्याच्या चेंडूला वेग विलक्षण, पण दिशा नाहीं. तीन हंगामांत त्याच्या नांवावर नऊ सामने जय आणि दहा पराजय जमले. हा मुलगा कधीं सुधारणार नाहीं, असें अनेकांनीं ठरवून टाकलें. तो सुधारला, आणि वर्षाच्या सर्वोत्तम पिचरचें पारितोषिक त्यानें तीन वेळां मिळविलें. पण हें सारें दुसऱ्या शहरांत घडलें.

आतां ज्या घटनेमुळें या संघाचें नांव खेळाच्या इतिहासाबाहेरहि गेलें, तिच्याकडे वळावयास हवें. मोठ्या लीगांत साठांवर वर्षें एकाहि कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश नव्हता. तसा लेखी कायदा नव्हता. परंतु मालकांचा संकेत कायद्याहून कठोर होता. डॉजर्सचा चालक ब्रँच रिकी यानें १९४५ सालीं जॅकी रॉबिन्सन या तरुणाशीं करार केला, आणि १५ एप्रिल १९४७ रोजीं रॉबिन्सन एबेट्स फील्डवर उतरला. त्याच्याच संघांतील कांहीं खेळाडूंनीं त्याच्याविरुद्ध अर्ज तयार केला होता. केंटकीचा, म्हणजे दक्षिणेकडचा, पी वी रीस यानें त्यावर सही करण्याचें नाकारलें. परगांवीं रॉबिन्सनला शिव्या ऐकाव्या लागल्या, धमकीचीं पत्रें आलीं. त्यानें तोंड न उघडतां बॅटनें आणि पायांनीं उत्तर दिलें.

येथें प्रेक्षकाच्या पक्षपाताचा एक अनपेक्षित गुण दिसून येतो. पक्षपाती मनुष्य आपल्या संघाच्या जयापुढें इतर सर्व गोष्टी गौण मानतो. एरव्हीं हा दोषच. परंतु या प्रसंगीं तो न्यायाच्या उपयोगीं पडला. जो पिचरची नजर चुकवून ठाणें चोरतो, हरत आलेला सामना फिरवितो, तो आपला. त्याचा वर्ण पाहण्यास सवड कोणाला? सगळ्यांचींच मनें एका हंगामांत निवळलीं, असें नव्हे. पण त्या वर्षीं एबेट्स फील्डवर अठरा लक्षांवर प्रेक्षक आले, इतके पूर्वीं कधीं आले नव्हते; आणि शाळकरी पोरें गल्लींत रॉबिन्सनच्या लकबीनें उभीं राहूं लागलीं. १९४९ सालीं तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उपदेशानें जें दीर्घकाळ साधलें नव्हतें, त्याचा आरंभ खेळाच्या ओढीनें झाला.

अखेर १९५५ साल उजाडलें. वर्ल्ड सीरीजमध्यें पुन्हां यांकीज, आणि पहिले दोन सामने पुन्हां पराजय! पण नंतर डॉजर्सनीं बरोबरी साधली. ४ ऑक्टोबरच्या सातव्या सामन्यांत जॉनी पॉड्रेस या तेवीस वर्षांच्या पिचरच्या हातीं चेंडू होता. हॉजेसनें मिळवून दिलेल्या दोन धांवांवर संघ उभा होता. सहाव्या पाळींत यांकीजचे दोन गडी ठाण्यांवर, बाद एकहि नाहीं, आणि योगी बेराचा उंच चेंडू डाव्या कोपऱ्याकडे निघाला. त्याच पाळीला त्या जागीं आलेला क्यूबाचा सँडी अमोरोस जिवाच्या आकांतानें धांवला आणि हात लांबवून त्यानें तो झेलला. क्षणांत चेंडू रीसकडे, रीसकडून हॉजेसकडे गेला, आणि दुसराहि गडी बाद झाला. सामना २-० असा संपला. १९४१ पासून यांकीजविरुद्धच्या पांचहि मालिकांत हरलेल्या रीसच्याच हातीं शेवटचा चेंडू आला. त्या रात्रीं ब्रुक्लिन झोंपलें नाहीं. "पुढचें वर्ष" आलें होतें.

पण तें एकदांच आलें. संघाचा मालक वॉल्टर ओमॅली याला ब्रुक्लिनमध्येंच नवें क्रीडांगण हवें होतें. न्यूयॉर्कच्या बांधकामांवर अधिकार चालविणारा रॉबर्ट मोझेस जागा देऊं लागला ती क्वीन्समध्यें. इकडे १९५७ मध्यें प्रेक्षकसंख्या दहा लक्षांच्या आसपास आली होती, आणि तिकडे पश्चिम किनाऱ्यावरून लॉस एंजल्स बोलावीत होतें. २४ सप्टेंबर १९५७ रोजीं एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला; त्याला सात हजारहि माणसें नव्हतीं. ऑक्टोबरमध्यें स्थलांतर जाहीर झालें. १९६० सालीं क्रीडांगण पाडून तेथें रहिवाशी इमारती उभारण्यांत आल्या. ब्रुक्लिनच्या लोकांनीं ओमॅलीला कधीं क्षमा केली नाहीं. मोझेसच्या वांट्याचा दोषहि बहुधा त्याच्याच पदरीं घातला.

मग संघ कोणाचा? कायद्याचें उत्तर सरळ आहे: ज्याचे भाग त्याचा संघ. तिकीट काढणाऱ्याला बसण्याची जागा मिळते. मालकी मिळत नाहीं. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे या लहान शहरानें आपला फुटबॉल संघ १९२३ पासून नागरिकांच्याच भागांवर चालविला आहे, आणि म्हणूनच तो तेथेंच आहे. प्रेमाला हक्काची जोड द्यावयास हवी, हें ब्रुक्लिनला फार उशिरां समजलें. लॉस एंजल्समध्यें गेलेले डॉजर्स पुढें पुष्कळ वेळां अजिंक्य ठरले. २०२४ आणि २०२५ अशीं दोन वर्षें तर लागोपाठ. त्या शहरांत आतां त्यांचे तितकेच निष्ठावंत प्रेक्षक आहेत, आणि त्यांची निष्ठा खोटी म्हणतां येणार नाहीं.

परंतु मालकाला संघ नेतां आला, तरी त्याच्या मागचीं अर्धशतकाचीं मतें नेतां आलीं नाहींत. रॉबिन्सनचा ४२ हा क्रमांक १९९७ पासून सर्वच संघांनीं राखून ठेविला आहे, आणि दरवर्षीं १५ एप्रिलला सारे खेळाडू तो अंगावर घालतात. २००५ सालीं, म्हणजे संघ गेल्यावर अठ्ठेचाळीस वर्षांनीं, ब्रुक्लिनच्या कोनी आयलंड भागांत एक पुतळा बसविण्यांत आला. त्यांत रीसचा हात रॉबिन्सनच्या खांद्यावर आहे. संघाचीं भागपत्रें ब्रुक्लिनकडे कधींच नव्हतीं. मात्र त्या संघांतलें काय जपून ठेवावें, याविषयींचें त्याचें मत अचूक ठरलें.