मायनस नंबर आणि मऊ लेन्स



पुस्तक नीट वाचता येतं...
पण येणाऱ्या एसटीची पाटी धूसर दिसते.
हाच तो मायनस नंबर.

यात प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर पडत नाही.
ती पडद्याच्या अलीकडेच तयार होते.
म्हणून मायनसची लेन्स मध्ये पातळ आणि कडेला जाड असते.
ती किरणं थोडी फाकवते...
आणि प्रतिमा मागे, पडद्यावर जाते.

चष्म्याचं काम इथे संपतं.
थेट डोळ्यावर बसणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सचं संपत नाही.
बुबुळावरच्या पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नसतात.
त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंमार्फत.
म्हणजे लेन्समधून प्राणवायू जायलाच हवा.

जुन्या लेन्सच्या कडक प्लॅस्टिकमधून तो जवळजवळ जातच नसे.

मग आला 1961 चा नाताळ.
प्रागमध्ये ओट्टो विख्टर्ले या रसायनशास्त्रज्ञाने घरीच एक यंत्र जोडलं.
सुटे भाग मुलाच्या खेळण्याच्या संचातले...
सोबत सायकलचा डायनामो!
फिरत्या साच्यात त्यांनी मऊ, पाणी शोषणारी लेन्स ओतली.


या मऊ लेन्समधल्या पाण्यातून प्राणवायू जातो.
पुढे त्यात सिलिकॉन आलं, आणि तो कितीतरी जास्त जाऊ लागला.

तरीही पुन्हा सांगते...
डोळ्याला प्राणवायू हवाच.
डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लेन्स घालून झोपू नका.
आणि लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नका.
डोळा लाल झाला, दुखला, तर लेन्स आधी काढा...
आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.