फंडाच्या दारात जाण्यापूर्वी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



'स्टार्टअपला पैसा कसा मिळतो' यावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं. गेली बरीच वर्षं मी टेबलाच्या पैसे देणाऱ्या बाजूला बसतो. हल्ली आपल्याच बॅचमधल्या मित्रांचे फोन येतात, "अरे, मुलगा नोकरी सोडतोय. म्हणतो, फंडिंग घेणार. हे नक्की काय असतं?" म्हणून आजचं बोलणं त्या मुलामुलींसाठी आहे, आणि तितकंच त्यांच्या आईवडिलांसाठी.

व्हेंचर कॅपिटलला हप्ता नसतो आणि तारणही नसतं. पैसे देणारा तुमच्या कंपनीत भागीदार होतो. कंपनी बुडाली तर त्याचेही पैसे बुडतात. मग तो हा धोका का पत्करतो? हे कळलं की निम्मा विषय कळला.

फंडातला बहुतेक पैसा फंड चालवणाऱ्याचा नसतो. तो मोठ्या संस्था, उद्योग आणि श्रीमंत कुटुंबं यांच्याकडून गोळा केलेला असतो आणि साधारण दहा वर्षांत वाढवून परत करायचा असतो. समजा, फंड ५०० कोटींचा आहे आणि तिप्पट करायचे आहेत, म्हणजे १,५०० कोटी. तो पंचवीस-तीस कंपन्यांत पैसे घालतो. त्यातल्या बऱ्याच बंद पडतील, काही जेमतेम मुद्दल देतील, हे तो धरूनच चालतो. सगळी भरपाई दोन-तीन कंपन्यांनी करायची असते. आता समजा, तुमच्या कंपनीत त्याचा वाटा १५ टक्के आहे आणि कंपनी १०० कोटींना विकली गेली. आपल्या गावात पेढे वाटले जातील! फंडाच्या हाती मात्र १५ कोटी पडले, त्याच्या उद्दिष्टाचा शंभरावा भाग. म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारतो, "हे किती मोठं होईल?" यात तुमचा अपमान नाही. तो त्याचं गणित मांडत असतो.

तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा : माझा धंदा या गणितात बसतो का? वर्षाला वीस टक्के वाढणारा, नफ्यातला मसाल्यांचा कारखाना हा उत्तम धंदा आहे. पण त्याला बँक बरी, फंड नको. झिरोधाने बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा न घेता एवढी मोठी कंपनी उभी केली. फंड मिळाला नाही म्हणजे धंदा खोटा, असा अर्थ मुलांनी काढू नये आणि पालकांनी तर मुळीच काढू नये.

धंदा बसत असेल, तर पुढची गोष्ट पुराव्याची. आपल्याला गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहून पूर्ण गुण कधी मिळाले नाहीत. पायऱ्या दाखवाव्या लागत. इथेही तेच.

२००८ मध्ये अमेरिकेत ब्रायन चेस्की आणि त्याचे दोन साथीदार एअरबीएनबीसाठी दीड लाख डॉलर मागत होते. कंपनीची किंमत त्यांनी पंधरा लाख डॉलर धरली होती. सात गुंतवणूकदारांशी ओळख करून दिली गेली. पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. ते नकार चेस्कीने २०१५ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले. मधल्या काळात काय घडलं? २००९ च्या सुरुवातीला ते वाय कॉम्बिनेटरमध्ये दाखल झाले. तिथे पॉल ग्रॅहम यांनी सल्ला दिला की तुमची गिऱ्हाईकं न्यूयॉर्कमध्ये आहेत, तर तिकडे जा. ही मुलं घरोघर गेली, घरमालकांशी बोलली, घरांचे चांगले फोटो स्वतः काढले. उत्पन्न हलू लागलं. त्याच वर्षी सिकोइयाच्या पुढाकाराने सुमारे सहा लाख डॉलर मिळाले. कल्पना तीच होती, माणसंही तीच होती. हातात पुरावा आला होता.

आपल्याकडचं उदाहरण नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचं. विलास शिंदे आणि त्यांच्यासोबतच्या शेतकऱ्यांनी द्राक्षांच्या निर्यातीत कित्येक हंगाम घालवले, शेतापासून परदेशी बाजारापर्यंतची साखळी बसवली. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिथे ३१० कोटी रुपये घातले. हे गुंतवणूकदार सामाजिक परिणामही पाहणारे होते, पण त्यांनाही पुरावा लागलाच.

मग माझ्यासमोर येताना काय आणावं? सुरेख सादरीकरणापेक्षा पाच प्रश्नांची उत्तरं आणा. पैसे देणारी गिऱ्हाईकं किती? त्यातली पुन्हा किती आली? एक नवं गिऱ्हाईक मिळवायला किती खर्च येतो आणि ते तुम्हाला किती मिळवून देतं? हाती आहे त्या पैशात किती महिने निघतील? आणि मी दिलेल्या पैशातून पुढच्या दीड वर्षात नेमकं काय सिद्ध होईल? "कौतुक सगळे करतात" हा पुरावा नाही. मामांनी घेतलेली ऑर्डरही नाही. अनोळखी माणसाने खिशातून काढलेले पैसे हा पुरावा.

कागदपत्रं आधी नीट करा. संस्थापकांमध्ये कोणाचा किती वाटा, मध्येच कोणी सोडून गेला तर काय, हे लिहून ठेवा. मैत्रीत कशाला लिहायचं, असं म्हणतात आणि तिथेच पुढे अडतं. तंत्रज्ञान, ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर हवेत, कुणा एकट्याच्या नाही. आणि पैसे संपायला महिना उरला असताना दारात येऊ नका. सहा महिने तरी लागतात असं धरा. घाई समोरच्याला दिसते आणि किंमत पडते.

एक शब्दार्थही सांगतो. "छान आहे, जरा लवकर वाटतंय, संपर्कात राहू" याचा अर्थ "नाही". त्यावर विसंबून कोणाला नोकरीवर घेऊ नका. मात्र दर तीन महिन्यांनी चार ओळींत प्रगती कळवत राहा. त्यातल्या काही 'नाहीं'चे पुढे 'हो' झालेले मी पाहिले आहेत.

हो आल्यावर टर्म शीट येतं. सगळ्यांची नजर कंपनीच्या किमतीवर जाते. पण एक कलम असतं, लिक्विडेशन प्रेफरन्स. समजा, गुंतवणूकदाराने १० कोटी घालून २५ टक्के घेतले आणि पुढे कंपनी १२ कोटींना विकावी लागली. तुम्हाला वाटेल, त्याचे ३ कोटी आणि आपले ९. या कलमानुसार तो आधी आपले १० कोटी घेतो आणि बाकी सगळ्यांत मिळून २ कोटी उरतात. हे कलम सर्रास असतं, त्यात फसवणूक नाही. पण सही करण्याआधी ते कळलेलं असावं. चांगल्या वकिलाची फी वाचवू नका. आणि त्या फंडाच्या बुडालेल्या कंपन्यांच्या संस्थापकांना फोन करा. वाईट दिवसांत तो कसा वागला, हे तेच सांगतील.

आता आपल्या शाळेतल्या मुलांच्या मनातला प्रश्न : इंग्रजीचं काय? अडचण होते, नाही म्हणणार नाही. पण स्वतःचे आकडे तोंडपाठ असलेला मुलगा साध्या, तुटक इंग्रजीतही पुढे जातो. खरी अडचण ओळखीची असते. मोठ्या संस्थांतल्या मुलांना ज्येष्ठ विद्यार्थी एका फोनवर योग्य माणसापर्यंत पोहोचवतात. आपल्या मुलांमागे कोण आहे?

आपण आहोत. या सभागृहात कोणाचा कारखाना आहे, कोणाचं हॉस्पिटल, कोणाचं दुकान, कोणी मोठ्या कंपनीत खरेदी विभागात आहे. शाळेतला एखादा मुलगा किंवा मुलगी वस्तू घेऊन आली, तर वापरून बघा. आवडली तर पूर्ण पैसे देऊन घ्या आणि बिल वेळेवर भरा. नाही आवडली, तर का नाही ते तोंडावर सांगा. शाळेचा म्हणून खोटं कौतुक करू नका. त्या कौतुकावर तो दोन वर्षं घालवेल.

आणि पालकांनो, मुलाला वर्ष-दीड वर्ष घरी राहू द्या, जेवूखाऊ घाला, हीसुद्धा गुंतवणूकच आहे. पण राहतं घर गहाण टाकू नका आणि निवृत्तीचा फंड मोडू नका. फंड तीस ठिकाणी पैसे लावतो, म्हणून त्याला बुडवणं परवडतं. तुमचं घर एकच आहे.

ज्यांना आपले आकडे तपासून हवे असतील, त्यांनी जेवणानंतर वही घेऊन मागच्या वर्गात यावं. मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे.